एलएलबीसोबत एमबीए करायचंय? टीसी आणि मायग्रेशनचं आधी बघा

दोन्ही कोर्स रेग्युलर करायचा विचार असेल तर तो आधी सोडा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) १३ एप्रिल २०२२ ला एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिली, व्हॉट्सॲपवर तेवढंच फिरतं, पण त्याच गाइडलाइन्समध्ये हेही आहे की त्या त्या कोर्सच्या कौन्सिलचे नियम लागू राहणार. कायद्याच्या शिक्षणाची कौन्सिल म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया, आणि त्यांच्या २००८ च्या नियमांप्रमाणे एलएलबी चालू असताना दुसरा कुठलाच रेग्युलर कोर्स चालत नाही. सूट फक्त भाषेच्या नाहीतर कॉम्प्युटरच्या छोट्या पार्टटाइम सर्टिफिकेट कोर्सना आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या कोर्सना. म्हणजे एलएलबी कॉलेजात जाऊन आणि एमबीए डिस्टन्सने, हा एकच सरळ रस्ता. उलटं चालत नाही, डिस्टन्सने केलेल्या एलएलबीवर सनद (वकिली करायचा परवाना) मिळत नाही, कोणी एजंट तशी सीट देतो म्हणाला तर तिथून उठून या. ऑनलाइन एमबीए घेणार असाल तर लॉ कॉलेजला आधी लेखी विचारा, कारण तो नियम लिहिला तेव्हा ऑनलाइन डिग्र्या नव्हत्याच. आणि लपवून करू असं मनातही आणू नका, सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात बार कौन्सिलने लॉच्या विद्यार्थ्यांकडून दुसरा रेग्युलर कोर्स चालू आहे का, नोकरी आहे का, हे लिहून मागितलंय.

(एमए किंवा एमकॉमसोबत एमबीए करणाऱ्यांना वरचं लागू नाही. लेक्चरच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही रेग्युलर होऊ शकतात, फक्त आपल्या विद्यापीठाने ही सोय स्वीकारल्याचं परिपत्रक काढलंय का ते बघा, कारण यूजीसीने पद्धत ठरवायचं काम विद्यापीठांवर सोडलंय. पुढचं मात्र तुम्हाला जास्तच लागू आहे.)

आता टीसी आणि मायग्रेशन. टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, मायग्रेशन म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायला हरकत नाही असं जुन्या विद्यापीठाचं सर्टिफिकेट. मी मागच्या वेळी हेच विसरलो होतो आणि एमबीएचा प्रवेश त्यावरच अडकला, म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तरी वाचा. ग्रॅज्युएशनच्या कॉलेजकडून टीसी एकच मिळते. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही एकच मिळतं. मार्कशीटचं तसं नाही, ती दाखवून परत घेता येते, यूजीसीने २०१८ मध्येच कॉलेजांना सांगितलंय की ओरिजिनल बघा आणि लगेच परत द्या. पण टीसी आणि मायग्रेशन कॉलेजं फाईलला लावतातच, कारण विद्यापीठाची एलिजिबिलिटी (तुम्ही प्रवेशाला पात्र आहात का ही तपासणी) त्याच्यावर होते. आता गंमत नाही, नीट विचार करा: लॉच्या कॅप राउंडला (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत) सीट लागली, रिपोर्टिंगची मुदत तीनचार दिवसांची, घाईत ओरिजिनल टीसी आणि मायग्रेशन जमा केलं, आणि मग एमबीएवाले म्हणतात ओरिजिनल मायग्रेशन अपलोड करा आणि कुरियरने पाठवा. तेव्हा काय पाठवणार?

म्हणून काहीही जमा करायच्या आधी, म्हणजे खरंच आधी, रिपोर्टिंगच्या आदल्या रात्री नाही, दोन्ही ठिकाणी मेल करून विचारा की टीसी लागते का, मायग्रेशन लागतं का, कधी लागतं, आणि ओरिजिनल दुसऱ्या संस्थेत जमा असेल तर काय चालेल. फोनवर विचारू नका, फोनवर "होऊन जाईल" असंच सांगतात आणि नंतर तो माणूस त्या टेबलावर नसतो. काही विद्यापीठं डिस्टन्सच्या प्रवेशाला मायग्रेशन मागतच नाहीत, काही प्रवेशाला मागत नाहीत पण पुढे अडवतात, काही ठरावीक दिवसांची मुदत देतात आणि ती संपली की प्रवेश रद्द. आपलं विद्यापीठ यातलं कुठलं हे मेलवर आलेलं पाहिजे. साधारणपणे ओरिजिनल लॉ कॉलेजला द्यावं, तिथली एलिजिबिलिटी कडक असते, आणि एमबीएला लॉ कॉलेजचं बोनाफाईड आणि "ओरिजिनल टीसी व मायग्रेशन आमच्याकडे जमा आहे" असं लेटरहेडवरचं पत्र द्यावं. हे पत्र जमा करायच्या दिवशीच मागा. अर्ज दोन प्रतीत न्या, इनवर्ड करा, पोच घ्या, पोचेवर टीसीचा नंबर लिहून घ्या. नंतर मागायला गेलात तर क्लार्क म्हणणार फाईल विद्यापीठात गेली, आणि ती खरंच गेलेली असते.

जमा करायच्या आधी दोन्ही कागद पुढून मागून स्कॅन करा. मागच्या बाजूला पण शिक्के असतात. चारपाच झेरॉक्स अटेस्ट करून ठेवा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. कोणीतरी सल्ला देणारच की मायग्रेशन हरवलं म्हणून अफिडेव्हिट करा, डुप्लिकेट मिळून जाईल. करू नका. ते हरवलेलं नाही, दुसऱ्या कॉलेजच्या फाईलला आहे, आणि तुम्ही वकील व्हायला निघालाय. खोट्या शपथपत्राचा कागद विद्यापीठात कायम राहतो, सनदेच्या अर्जासोबत परत शपथपत्रं द्यावी लागतात, तेव्हा हे कोणी काढलं तर डुप्लिकेटमुळे वाचलेल्या वेळाची किंमत फार मोठी पडेल. खरं कारण लिहून दुसरी प्रत देता का असं विद्यापीठाला विचारा, नाही म्हणाले तर वरचं पत्र आहेच. बेळगाव, गोवा, इंदूरहून पुण्या-मुंबईला लॉला येणाऱ्यांनी तर रिझल्ट लागल्या लागल्या मायग्रेशनचा अर्ज टाकावा, ते यायलाच वेळ लागतो आणि परत जाणं सोपं नसतं. टीसी कॉलेजची, मायग्रेशन विद्यापीठाचं, दोन वेगळ्या खिडक्या आहेत, एक मिळालं म्हणून दुसरं मिळालं असं समजू नका.

एमबीएचं विद्यापीठ निवडताना यूजीसीच्या डिस्टन्स ब्युरोच्या साइटवर जाऊन बघा की त्या वर्षी, त्या सेशनला, त्याच कोर्सला मान्यता आहे का. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि एमबीएला असणं वेगळं. प्रवेशाला डेब आयडी (त्याच ब्युरोचा विद्यार्थी नंबर) लागतो, तो काढायला एबीसी आयडी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या आपल्या खात्याचा नंबर) लागतो, आणि ते आधारवरच्या नावावर चालतं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव नाही, लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर आणखी वेगळं. हे आत्ता दुरुस्त करून घ्या, गॅझेट (नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद) लागणार असेल तर आजच अर्ज करा. एबीसी आयडी एकच असतो, दुसऱ्या कोर्ससाठी दुसरा काढायचा प्रयत्न करू नका. आणि एलिजिबिलिटीच्या फॉर्मवरचं नाव टीसीवरच्या नावाशी जुळतंय का बघा, परत टीसीच.

परीक्षा. यूजीसी फक्त लेक्चरच्या वेळांबद्दल बोलते, परीक्षा एकाच दिवशी आल्या तर ती तुमची अडचण. डिस्टन्स एमबीए इग्नूतून, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यापीठातून, केलं तर तिथल्या टर्म एंड परीक्षा जून आणि डिसेंबरच्या असतात आणि लॉच्या सेमिस्टर परीक्षा पण त्याच सुमारास सरकत येतात, त्यामुळे कधीतरी आदळणारच. त्यातल्या त्यात इग्नूचा पेपर पुढच्या टर्मला देता येतो, लॉचा सोडला तर बॅकलॉग म्हणून मागे लागतो, तेव्हा टक्कर झाली की लॉचा पेपर द्यायचा, हे आधीच ठरवून ठेवा. इग्नूला परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, प्रवेश घेतला म्हणजे नाव आपोआप लागत नाही. असाइनमेंटला ३० टक्के वेटेज आहे, ते वेळेत द्या, पोच ठेवा. प्रोजेक्टचा विषय कायद्याच्या जवळचा घ्या, कंपनी कायदा, लेबर, दिवाळखोरीचा २०१६ चा कायदा, म्हणजे एकाच वाचनात दोन्हीकडचं होतं.

अटेंडन्स लॉचा सांभाळा, बार कौन्सिलची अट ७० टक्क्यांची आहे, मूट कोर्टसकट (सरावाच्या खोट्या खटल्यांसकट). एमबीएच्या काउन्सेलिंग क्लासेससाठी लॉचे तास बुडवू नका.

महाडीबीटीवर शिष्यवृत्ती एकाच कोर्सला घ्या. नॉन क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, व्हॅलिडिटी हे सगळ्यांना माहितीय. फी दोन्हीकडची वर्षाची मांडून बघा, परीक्षा फी धरून.

शेवटच्या वर्षी दोन्हीकडचे बॅकलॉग संपवा, कुठला रिझल्ट राखीव दिसला तर आधी एलिजिबिलिटीची खिडकी गाठा, बहुतेक वेळा टीसी किंवा मायग्रेशनची नोंद राहिलेली असते. मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी, सुप्रीम कोर्टाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर एससी-एसटी सोडून सगळ्यांना ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपये फी, मग एआयबीई (बार कौन्सिल ऑफ इंडियाची वकिलीची परीक्षा). सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, एमबीएवर कंपनीत जायचं असेल तर सनद थांबवून ठेवा किंवा घेतलेली असेल तर स्थगित करून घ्या, जॉइन व्हायच्या आधी, नंतर नाही.