क्रम एकाने सरकवताना ‘डुप्लिकेट की’? या चुका टाळा

पणजी–फोंडा बसमार्गाचे थांबे डेटाबेसच्या एका टेबलात आहेत: पणजी १, रायबंदर २, जुने गोवे ३, बाणस्तारी ४, म्हार्दोळ ५, फर्मागुडी ६, फोंडा ७. मार्ग आणि क्रम मिळून युनिक, म्हणजे एका मार्गावर एक क्रम एकदाच. म्हार्दोळच्या आधी मंगेशी घालायचे म्हणून ५ पासूनचे क्रम एकाच अपडेटने एकाने वाढवले, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस २३५०५ (‘डुप्लिकेट की’, म्हणजे दुबार नोंद) हा एरर देतो. शेवटी एकही क्रम दुबार राहणार नव्हता, हे खरे. पण म्हार्दोळ ६ वर आले तेव्हा फर्मागुडी अजून तिथेच होते, आणि साधा युनिक कन्स्ट्रेंट (दुबार नको हा नियम) पोस्टग्रेस ओळीगणिक तपासतो, स्टेटमेंट (पूर्ण आज्ञा) संपायची वाट पाहत नाही.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे टेस्टिंगला चालले म्हणून निर्धास्त राहणे. ओळी कोणत्या क्रमाने बदलतील याची हमी नसते. फोंडा आधी सरकले आणि मग फर्मागुडी, तर हाच अपडेट बिनबोभाट पार पडतो. सबक्वेरीत (आतल्या क्वेरीत) ऑर्डर बाय (क्रमवारी) घालूनही भरवसा नाही. मायएसक्यूएल डेटाबेसचे इनोडीबी हे स्टोरेज इंजिनसुद्धा ओळीगणिकच तपासते (एरर १०६२), पण तिथे अपडेटलाच उतरत्या क्रमाचा ऑर्डर बाय लावता येतो आणि काम भागते. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये तपासणी स्टेटमेंटच्या शेवटी होते, तिथे हा प्रश्नच नाही.

पोस्टग्रेसमध्ये ९.० पासून यावर नीट उपाय आहे. युनिकला ऑल्टर कन्स्ट्रेंट (आहे तो नियम बदलणारी आज्ञा) चालत नाही, म्हणून वर्दळ नसताना जुना कन्स्ट्रेंट ड्रॉप करून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होते किंवा काहीच नाही असा आज्ञांचा गट) ‘डिफरेबल इनिशियली इमिजिएट’ (तपासणी पुढे ढकलता येणारा) असा नवा घाला. आता तपासणी स्टेटमेंटअखेर होते. वरच्या अपडेटला एवढे पुरते. ‘इनिशियली डिफर्ड’ (तपासणी ट्रान्झॅक्शनच्या शेवटी) मात्र सरसकट लावू नका. मग एरर थेट कमिटला (बदल पक्के करताना) येतो, चूक कोणत्या स्टेटमेंटची ते कळत नाही आणि सगळे रोलबॅक होते (बदल मागे घेतले जातात). अनेक स्टेटमेंट लागणारच असतील तर बिगिननंतर (ट्रान्झॅक्शन सुरू करून) ‘सेट कन्स्ट्रेंट्स ऑल डिफर्ड’ द्या, आणि कमिटच्या आधी ‘सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट’ देऊन तपासणी तिथेच करून घ्या. बिगिनशिवाय दिलेली ही आज्ञा नुसती वॉर्निंग देते, परिणाम शून्य.

नुसता युनिक इंडेक्स डिफरेबल होत नाही. डिफरेबल कन्स्ट्रेंटवर ऑन कॉन्फ्लिक्ट (इन्सर्टमध्ये दुबार आल्यास काय करायचे ते सांगणारा भाग) चालत नाही, फॉरेन कीही (दुसऱ्या टेबलातून येणारा दुवा) त्याच्याकडे बोट दाखवू शकत नाही. म्हणून डिफरेबल चालणार नसेल तिथे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन अपडेट करा: आधी ५ पासूनचे क्रम वाढवून उणे करा (−६, −७, −८), मग उणे चिन्ह काढा. क्रम शून्याहून मोठा हवा असा चेक (किमतीवरची अट) असेल तर उण्याऐवजी १००० मिळवून नंतर ९९९ वजा करा. पोस्टग्रेसमध्ये चेक पुढे ढकलता येत नाही.