सिटी कौन्सिलमधून निवडणूक कमिशनवर जाताना

अमेरिकेतल्या एखाद्या नगरसेवकाचं नाव देशाच्या इलेक्शन असिस्टन्स कमिशनसाठी पुढे आलं, तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: हे कमिशन निवडणुका घेत नाही. त्या राज्यं आणि काउंट्या (म्हणजे राज्यांतले जिल्हे) घेतात; कमिशन त्यांना मदत करतं. २०००च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात झालेल्या मतमोजणीच्या गोंधळानंतर २००२ साली हेल्प अमेरिका व्होट अ‍ॅक्ट झाला, त्यातून हे कमिशन आलं. तो कायदा मुळातून वाचावा, सारांशावर भागवू नये.

मग कागदपत्रं. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, मंजुरी सिनेटची लागते. मालमत्ता आणि उत्पन्नाचा तपशील तयार हवा. निवडणूक प्रशासनाचा अनुभव किंवा अभ्यास हवा, असं कायदाच सांगतो, म्हणून प्रचार किती केले हे बाजूला ठेवून मतदार नोंदणी, मतदान केंद्रांची आखणी, यंत्रांची खरेदी यांत स्वतः काय केलं तेवढंच लिहावं. रोझमेरी रॉड्रिगेझ २००७ मध्ये डेन्व्हर सिटी कौन्सिलमधूनच इथे आल्या. ही वाट नवी नाही. वकिली किंवा धंदा असेल तर तो सदस्य म्हणून काम सुरू करण्याआधीच सोडावा लागतो, तेव्हा त्याची व्यवस्था वेळेत लावावी.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सहकाऱ्यांना द्यावा. सदस्य चार, एका पक्षाचे दोनपेक्षा जास्त नाहीत आणि कुठल्याही निर्णयाला तीन मतं लागतात. म्हणजे दुसऱ्या पक्षातलं निदान एक माणूस बरोबर आल्याशिवाय काहीच हलत नाही. कौन्सिलमध्ये बहुमत जमवायची सवय असलेल्याला हे जड जातं. शपथेआधीच दुसऱ्या पक्षाच्या दोघा सदस्यांना भेटावं, त्यांची जुनी मतं आणि आक्षेप वाचावेत. जागा रिकाम्या राहिल्याने २०१०च्या अखेरीपासून जवळपास चार वर्षं कमिशनला गणपूर्तीच नव्हती. त्या काळात कमिशन ठरवतं ते मतदान यंत्रांचे मानदंड अडकून पडले, हे विसरू नये.

हे मानदंड ऐच्छिक आहेत. २०२१ साली मंजूर झालेली दुसरी आवृत्ती सोबत ठेवावी. कमिशनच्या दर दोन वर्षांच्या पाहणीत आपल्या काउंटीचे आकडे शोधावेत, विशेषतः टपाली मतं किती बाद झाली आणि कशामुळे.

पक्षाच्या उमेदवारांना जाहीर पाठिंबा देणं आजच थांबवावं, कायदा कितीही मुभा देवो. आणि निघण्यापूर्वी काउंटी क्लार्कच्या, म्हणजे काउंटीत निवडणुकीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात बसून कर्मचाऱ्यांना विचारावं, वॉशिंग्टनकडून त्यांना नेमकं काय हवंय. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून न्यावीत.