राक्षसाचा आवाज पहाटेपर्यंत टिकवताना (माझा अनुभव)

दशावतारात, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, बोलणं रंगमंचावरच सुचतं. राक्षस करताना प्रवेशाला माझा आवाज भारदस्त लागायचा, पण समोरच्या देवाने उलटसुलट सवाल टाकले की उत्तर शोधता शोधता तो वर चढायचा आणि राक्षस जाऊन मीच बोलायला लागायचो. घशावर जोर देण्यात अर्थ नाही, पहाटेच्या युद्धापर्यंत घसा बसतो. मग पेटीवाल्या काकांना सांगितलं, मी थांबलो की खालचा सा धरून ठेवा. शिवाय ‘अरे मूढा!’ हे पालुपद पक्कं केलं. ते म्हणताना पाय रुंद रोवायचे, हनुवटी खाली, श्वास पोटातून. तेवढ्यात पुढचं वाक्यही सुचतं, हा वरचा फायदा! आता आवाज घसरला की आधी पाय बघतो. बहुतेक वेळा तेच जवळ आलेले असतात.