शेजारची सोंड: रोगेनिंगला पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

पन्हाळा ते पावनखिंड मी पाच वेळा चालले आहे. भर पावसात, चिखल तुडवत, शेकडो लोकांच्या रांगेत. म्हणून शाहूवाडीच्या डोंगरात चोवीस तासांची रोगेनिंग स्पर्धा आहे असं कळलं तेव्हा मला वाटलं, हा तर आपलाच मुलूख. नाव नोंदवलं, आणि मग घरी नकाशा पसरून बसले तेव्हा लक्षात आलं की म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी ही नावं मला पाठ आहेत, पण मसाई पठारावरून खाली उतरणारी एकही घळ मला नकाशावर बोटाने दाखवता येत नाही. पाचही वेळा मी पुढच्या माणसाच्या पाठीवरच्या सॅककडे बघत चालले होते.

आता माझ्या तीन स्पर्धा झाल्या आहेत. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजकडची पोरं-पोरी विचारतात, म्हणून हे लिहितेय.

आधी हा प्रकार काय ते सांगते. रोगेनिंग १९७६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालं. मूळ स्पर्धा चोवीस तासांची. डोंगरात ठिकठिकाणी नारिंगी-पांढरे झेंडे लावलेले असतात, त्यांना कंट्रोल म्हणतात. प्रत्येकाचे गुण वेगळे: जवळचा, सोपा तो कमी गुणांचा; लांबचा, अवघड तो जास्त गुणांचा. बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या आकड्यातच गुण कळतात, म्हणजे ८३ नंबरचा असेल तर ८० गुण. ठरलेला मार्ग नसतो. कुठले घ्यायचे, कुठल्या क्रमाने घ्यायचे, सगळं तुमचं तुम्ही ठरवायचं. एकट्याने उतरता येत नाही. दोन ते पाच जणांचा संघ लागतो आणि सगळ्यांनी शेवटपर्यंत हाकेच्या अंतरात राहायचं. जीपीएस चालत नाही. फोन पाकिटात सील करून बरोबर द्यायचे, फक्त जिवावर बेतलं तर उघडायला. हातात नकाशा आणि होकायंत्र, बस्स. वाटेत भेटणाऱ्याला रस्ता विचारणंही नियमात बसत नाही. या शेवटच्या नियमाबद्दल पुढे बोलेन.

माझी जोडीदार माझी धाकटी नणंद. ती पळणारी आहे, मी चालणारी. लग्नानंतर आमची खरी ओळख या नकाशांवर झाली असं म्हटलं तरी चालेल.

सुरुवात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांपासून करा. १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट उतरवून घेता येतात. जुन्या क्रमांकाप्रमाणे कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा हे ४७ एल मध्ये येतात आणि विशाळगड, गगनबावडा ४७ एच मध्ये. या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन कंटूर रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) वीस मीटरचा चढ. स्पर्धेचा नकाशा बहुधा याहून मोठा, १:२५,००० चा असतो, पण डोळा तयार व्हायला हा पुरतो.

कंटूर शिकायला मला दोन आठवडे लागले. शेवटी ते समजलं ते नणंदेच्या मुठीवर. तिने मूठ आवळली, मी बॉलपेनने बोटांच्या उंचवट्यांभोवती एकाखाली एक गोल रेषा काढल्या, आणि मग तिने तळवा उघडून टेबलावर सपाट ठेवला. झाला नकाशा. दोन बोटांच्या मधे रेषा आत, चढाकडे टोक करून वळल्या होत्या: ती घळ. बोटाच्या उंचवट्यावर त्या बाहेर, उताराकडे टोक करून वळल्या होत्या: ती सोंड, आपण जिला दांड म्हणतो. घळ आणि सोंड डोळे झाकून ओळखता आल्याशिवाय डोंगरात जाऊ नका, कारण रात्री या दोनच गोष्टी पायाला कळतात.

रस्त्यांवर विसंबू नका. नकाशा छापल्यानंतर पाणंदीचा डांबरी रस्ता होतो, जुनी पाऊलवाट कारवीच्या झुडपांत बुजते. डोंगराचा आकार मात्र सहसा तसाच राहतो. आपल्याकडे याला एक अपवाद आहे: शाहूवाडी-राधानगरीकडच्या काही सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, बॉक्साइटच्या खाणी झाल्या आहेत, तिथे कंटूरही खोटे ठरू शकतात.

होकायंत्राचं तंत्र कुणीही तासाभरात शिकवेल. आपल्या भागात चुंबकीय उत्तर (होकायंत्राची सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर यांत फरक इतका थोडा आहे की पायी चालताना तो सोडून दिला तरी चालतो. परदेशी पुस्तकांत त्यावर पानंच्या पानं असतात, ती वाचून घाबरू नका. दोन खुणांवरून आपली जागा काढायचा सराव करताना मात्र एक चूक सगळे कोल्हापूरकर करतात. गच्चीवर उभं राहून जोतिबा आणि पन्हाळा यांची दिशा घेतात. दोन्ही वायव्येलाच आहेत! नकाशावर त्या दिशांच्या दोन रेषा इतक्या निमुळत्या कोनात छेदतात की एका अंशाच्या चुकीने तुम्ही रंकाळ्यावरून पार दुसऱ्या पेठेत जाता. खुणा एकमेकींशी साधारण काटकोनात असाव्यात.

अंतर मोजायला पावलं. डावा पाय पडला की एक. शंभर मीटरची सरळ पट्टी मोजून घ्या आणि दहा वेळा चाला. माझी सपाटीवर चौसष्ट येतात, चढावर ऐंशीच्या वर जातात, गुडघाभर गवतात आणखी वेगळी. हे आकडे स्वतःचे स्वतः काढायचे असतात. वेळेसाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिलेला हिशेब अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. म्हणजे वीस मीटरची एक कंटूर रेषा चढायला दोन मिनिटं. मी वाटेवर हाच हिशेब धरते आणि वाट सोडून कारवीत शिरायचं असेल तर सरळ दुप्पट करते.

अंगाच्या तयारीवर फार लिहीत नाही. जोतिबाचा डोंगर आहे, विद्यापीठाचा परिसर आहे, तालमीच्या गावात व्यायाम कुणी कुणाला शिकवायचा? एवढंच, की आठवड्यातून एकदा रात्री चाला, हेडलॅम्प लावून, दोघांनी, घरी सांगून. उजेडात ओळखीची असलेली वाट रात्री किती परकी होते हे स्पर्धेच्या आधीच कळलेलं बरं.

पिशवीत काय? शिट्टी (संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा), जादा बॅटरी, क्रेप बँडेज, पातळ चंदेरी ब्लँकेट, दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं. खायला आम्ही शेंगदाण्याचे लाडू, दशम्या आणि खर्डा-भाकरी नेतो. पहाटे तीनला गोड घशाखाली उतरत नाही, तेव्हा खर्डाच कामाला येतो. दर पाऊण तासाने खायचं, भूक असो नसो. आणि पायांत घोट्यावरून पोटरीपर्यंत गेटर, म्हणजे बुटावरून चढवायचं आवरण. डिसेंबरात आपल्या डोंगरातलं गवत वाळून कुसळं झालेलं असतं. ती मोज्यातून आत शिरतात, प्रत्येक पावलाला थोडी आणखी आत जातात, आणि दहा तासांनी माणूस केवळ त्यापायी स्पर्धा सोडतो. गेटर असले तरी जांभ्याच्या दगडावर बसण्याआधी उजेड टाकून बघा, फुरसं हा विषारी साप त्याच रंगाचा असतो. गवे दिसले तर थांबा, त्यांना जाऊ द्या, लांबून वळसा घाला. अभयारण्याचा आणि राखीव जंगलाचा भाग नकाशावर हद्दीबाहेर दाखवलेला असतो, तिथे पाऊलही टाकायचं नाही.

आता त्या रात्रीचं सांगते.

आमची पहिली स्पर्धा शनिवारी दुपारी बाराला सुरू झाली. नकाशा सकाळी नऊला हातात आला. तीन तास आम्ही शिवणाच्या दोऱ्याने अंतरं मोजत बसलो आणि पन्नास किलोमीटरचा बेत आखला. (पहिल्या वेळी चाळीसच्या वर आखू नका.) संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत झालं. रात्री साडेबाराला सड्याच्या दक्षिण कडेवरचा ८३ सापडला. पुढचा ५६ खाली, दोन ओढ्यांच्या संगमावर.

कडेवरून दोन सोंडा खाली जात होत्या. आम्हाला हवी होती ती नैर्ऋत्येला, २२५ अंशांवर. शेजारची सरळ दक्षिणेला. मधे ओढा. म्हणजे आमच्या सोंडेवरून उतरताना तो डाव्या हाताला यायला हवा. मी होकायंत्र लावलं नाही. समोर एक छान मळलेली ढोरवाट दिसली, ती उताराला लागत होती, आणि सात तास कारवीत घासून निघाल्यावर मळलेली वाट दिसली की पाय आपोआप तिच्याकडे वळतात. नणंद पुढे, मी मागे.

पाऊण तास उतरलो. पाण्याचा आवाज येत होता, उजवीकडून. मी तो ऐकला. आणि मनाशी म्हटलं, ही दुसरी एखादी ओघळ असेल, आपला ओढा पुढे लागेल. मग एक सपाटी आली, नकाशात ती नव्हती; मी म्हटलं, वीस मीटरच्या दोन रेषांमधे छोटी सपाटी दिसत नाही. हेही खरंच आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचं. चुकीच्या सोंडेवर असताना मी एकेक खूण वाकवून नकाशात बसवत होते, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे पटण्यासारखं कारण होतं. गावाकडे याला चकवा लागला म्हणतात. त्या रात्री मला कळलं की चकवा असाच लागतो: माणूस शुद्धीवर असतो, आणि खुणा बदलत जातो.

कुत्री भुंकली. समोर धनगरवाडा. चार घरं, एक हौद. एक म्हातारे मामा घोंगडं पांघरून बॅटरी घेऊन बाहेर आले.

“कुठं निघालायसा गं पोरींनो, एवढ्या रातचं? वाट चुकलासा व्हय?”

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. दोन शब्द विचारले असते तर त्यांनी बोटाने दाखवलं असतं. आजूबाजूला बघायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, “नाही मामा, शर्यत आहे. आमची आम्हालाच शोधायचीय.” ते जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “बरं. पाणी तरी प्या. थंडीचं बसू नका हितं.” गावातलं पाणी घ्यायला परवानगी होती. आम्ही बाटल्या भरल्या आणि हौदाच्या कठड्यावर नकाशा पसरला.

मी विचारलं, तुला काय काय दिसलं? ती म्हणाली, “वहिनी, पाणी सुरुवातीपासून उजवीकडेच होतं. मला वाटलं तुमच्या हातात नकाशा आहे, तुम्हाला माहीत असेल.”

पाऊण तास तिला माहीत होतं. ती माझा मान ठेवून गप्प राहिली.

त्यानंतर आम्ही दोघींनी एक नियम केला आणि तो आजपर्यंत मोडलेला नाही. दर दहा मिनिटांनी थांबायचं. जिच्या हातात नकाशा नाही तिने आधी बोलायचं: उतार कुठल्या बाजूला आहे, पाणी कुठे आहे, चांदणं कुठून पडतंय. नकाशावालीने ते ऐकून घेतल्यावरच नकाशाकडे बघायचं. उलट क्रमाने केलं तर समोरचीला तेच दिसायला लागतं जे तुम्ही सांगितलेलं असतं. वय, नातं, अनुभव यांचा मान घरी ठेवायचा, डोंगरात बोलायचं. नव्या जोड्यांना मी सगळ्यात आधी हेच विचारते, की तुमच्यातला लहान माणूस मोठ्याला “थांबा, चुकतंय” म्हणू शकतो का?

हौदावर मग जे केलं तेही लक्षात ठेवा. शेवटची खात्रीची जागा कुठली? ८३. तिथून किती वेळ झाला? बावन्न मिनिटं. कुठल्या दिशेने? आता होकायंत्र लावून वर पाहिलं तर सोंड सरळ उत्तरेला चढत होती, म्हणजे आम्ही दक्षिणेला उतरलो होतो. नकाशावर शेजारच्या सोंडेवर चार बारीक काळे चौकोन होते. हाच धनगरवाडा. बोट ठेवलं आणि छातीतली धडधड थांबली.

परत वर जाऊन दुसऱ्या सोंडेवरून उतरायला दोन तास गेले असते. मधला ओढा ओलांडावा तर अंधारात कारवी आणि घसरडा उतार. ५६ चे गुण पन्नास. मी ते सोडून द्यायचं ठरवलं, आणि ते सोडणं मला त्या सगळ्या रात्रीत सर्वांत जड गेलं. धनगरवाड्यापासून बैलगाडीची वाट खाली जात होती, तिने आम्ही ७१ कडे निघालो. पहाटे चारच्या सुमाराला झेंडा सापडला, दवाने भिजलेला.

रविवारी बाराला अकरा मिनिटं कमी असताना आम्ही परत पोचलो. आमच्या स्पर्धेत उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दहा गुण कापत होते आणि अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला तर सगळेच गुण जात होते. म्हणून शेवटच्या दोन तासांसाठी स्पर्धेच्या तळाजवळचे छोटे कंट्रोल ठेवायचे, म्हणजे कधीही आवरतं घेता येतं. पन्नास किलोमीटरच्या बेतातले अडतीस झाले होते. गाडीत बसल्यावर नणंद माझ्या मोज्यातली कुसळं उपटत होती आणि मी झोपले होते.

फेब्रुवारीत आम्ही दोघी एसटीने बांबवड्यापर्यंत आणि तिथून पुढे मिळेल त्या गाडीने त्या धनगरवाड्यावर गेलो. कोल्हापूरहून गूळ नेला होता. मामांनी ओळखलं. म्हणाले, “घावली का वाट?” या वेळी आम्ही विचारलं. ते काठी घेऊन आमच्याबरोबर सोंडेच्या टोकापर्यंत आले आणि एकेक दाखवत गेले: इथून उतरायचं, तिथे उन्हाळ्यातही पाणी असतं, त्या कड्याखालून जाऊ नका. नकाशावर बिननावाची असलेली प्रत्येक घळ, प्रत्येक दांड त्यांच्याकडे नावाने होता. मी दगडावर नकाशा ठेवला आणि ते सांगतील तशी नावं पेन्सिलीने लिहीत गेले.