कारखान्याच्या जमिनीत काय मुरलंय ते शोधताना

ड्रिलिंगची गाडी पहिल्याच दिवशी बोलावू नका. मशीनची धडधड सुरू झाली की काम सुरू झाल्यासारखं वाटतं, एवढंच. मी आधी कागद मागते: प्लांटचे जुने लेआउट, ड्रेनेजचे नकाशे, स्टोअरची खरेदीची रजिस्टरं, वेगवेगळ्या काळातली हवाई छायाचित्रं. मग एखादा निवृत्त फोरमन गाठायचा. ‘इथे प्रदूषण झालं होतं का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘छे, अजिबात नाही’ हेच मिळणार. त्याऐवजी ‘पार्ट कशाने धुवायचात आणि धुतलेलं कुठे ओतायचात?’ असं विचारा. तो तुम्हाला थेट शेडमागे घेऊन जातो. नकाशात नसलेले शोषखड्डे असेच सापडतात.

फेरी मारताना नजर खाली ठेवा. फरशीचे तडे, सांडपाण्याचे सम्प, जमिनीखालच्या टाकीचा वर आलेला पाईप, ट्रान्सफॉर्मरखालची काळी पडलेली खडी. क्रोम प्लेटिंगच्या शेडमध्ये भिंतीच्या पायथ्याशी पिवळट खार फुटलेला दिसला तर हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी, पाण्यात विरघळणारं रूप) तपासायच्या यादीत सगळ्यात वर घ्या.

आता कागदावर तीन गोष्टी जोडा: घाण कुठून निघाली, कोणत्या वाटेने गेली आणि कोणापर्यंत पोचू शकते. वाट ठरते ती पदार्थाच्या स्वभावावर. पेट्रोल-डिझेल भूजलाच्या पातळीवर तरंगतं. ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे पार्टवरचं ग्रीस धुवायचं द्रावक, याची घनता १.४६ (पाण्याची १), म्हणजे ते पाण्यातून खाली जातं, चिकणमातीच्या थरावर साचतं आणि त्या थराच्या उताराने सरकतं; भूजल दुसरीकडे वाहत असलं तरी. शिसं बहुधा वरच्या मातीलाच चिकटून राहतं, हेक्साव्हॅलंट क्रोमियम मात्र पाण्याबरोबर दूर जातं. बोअर कुठे आणि किती खोल घ्यायचं, हे यातून ठरतं. एक-दोन बोअर घाण पोचलेली नसेल अशा जागी घ्याच, नाहीतर जमिनीत मुळातच किती आर्सेनिक होतं हे कळायचं नाही.

केबल आणि पाइपलाइन शोधून घ्या, पहिला मीटरभर हाताने खणा. ट्रायक्लोरोइथिलीनसारखं जड द्रावक असण्याची शंका असेल तर चिकणमातीचा थर सरळ भोसकायचा नाही. आतापर्यंत तिने अडवून धरलेलं द्रावक तुमच्याच बोअरमधून खालच्या जलधरात, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरात, उतरेल. ड्रिलरला घाई असते. इथे त्याचं ऐकू नका.

मातीचा गाभा वर आला की प्लास्टिकचा लायनर उभा चिरा आणि रंग बघत खाली या. तपकिरी वाळू, मग राखाडी होत गेलेला पट्टा, त्याच्या तळाशी चिकणमातीला टेकून बोटभर तेलकट चकाकी: नमुना तिथलाच घ्यायचा, ठरावीक अंतरावरचा नाही. नाकाशी नेऊन वास घेण्याची सवय मोडा, त्यासाठी पीआयडी, म्हणजे उडणाऱ्या द्रव्यांची वाफ मोजणारं हातातलं यंत्र आहे. उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठीची माती न कालवता, लगेच, मिथेनॉल असलेल्या बाटलीत टाका. ती घमेल्यात ढवळली की निम्मा पुरावा हवेत जातो. धातूंसाठीची माती मिसळली तरी चालते.

भूजलासाठी निरीक्षण विहिरी किमान तीन, आणि एका रेषेत नकोत. नाहीतर प्रवाहाची दिशा निघत नाही. सगळ्या विहिरींच्या पातळ्या एकाच दिवशी, काठावरच्या सर्वेक्षण केलेल्या खुणेपासून मोजा. तरंगणारं तेल शोधायचं असेल तर जाळीचा पाईप पाण्याच्या पातळीच्या थोडा वर आणि थोडा खाली यायला हवा. तो सगळाच पाण्याखाली राहिला तर तेल विहिरीत शिरणारच नाही आणि अहवालात ‘तेल आढळले नाही’ असं येईल.

उपसा सावकाश, मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा कमी. पीएच, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन स्थिर झाले की मगच बाटली भरा. उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठीची ४० मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरून उलटी करा, टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नवीन कुपी घ्या. विरघळलेल्या धातूंचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मगच त्यात नायट्रिक आम्ल घाला. हेक्साव्हॅलंट क्रोमियमच्या नमुन्यात मात्र ते आम्ल नको, आणि तो २४ तासांत तपासला जावा, म्हणून लॅबला आधीच फोन करून ठेवा. बर्फाच्या पेटीत ट्रिप ब्लँक (लॅबमधून शुद्ध पाण्याने भरून आलेली, न उघडता परत जाणारी कुपी; वाटेत घाण शिरली का ते तिच्यावरून कळतं) आणि एखादा दुबार नमुना हवाच. कमी घाणीच्या विहिरीकडून जास्त घाणीच्या विहिरीकडे जा.

आकडे आले की नुसती मर्यादा ओलांडली का एवढंच बघू नका. ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यात लिटरला हजार मिलिग्रॅमपेक्षा थोडंच जास्त विरघळतं. नमुन्यात त्याच्या एक टक्का, म्हणजे दहा-बारा मिलिग्रॅम सापडलं तर शुद्ध द्रावक जवळपास कुठेतरी पडून असल्याचा संशय घ्यायचा. लॅबच्या यादीत व्हिनाइल क्लोराइड आहे ना, हेही बघा. ट्रायक्लोरोइथिलीन कमी होत गेलं की मालक खूश होतो, पण ते मोडून बनणारं व्हिनाइल क्लोराइड त्याहून घातक असतं. मोजणीची दुसरी फेरी भूजलाची पातळी बरीच वर-खाली झाल्यावर घ्या. पाणी उतरताना तेल मधल्या मातीला माखून राहतं आणि पातळी चढली की पुन्हा विरघळू लागतं, म्हणून एकाच फेरीच्या आकड्यांवर मी जागा स्वच्छ असल्याची सही देत नाही.