भाजीमळ्याचे हंगामी सभासद होताना
सांगली-मिरज परिसरातील एखाद्या भाजीमळ्याचे सभासद होऊन हंगामाचे पैसे आगाऊ भरायचे आणि दर आठवड्याला भाजीची टोपली घ्यायची असेल, तर आधी मळ्यावर जाऊन यावे आणि पावसाळ्यात कृष्णेचे पाणी त्या रानात शिरते का, हे स्पष्ट विचारावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीकाठची राने पाण्याखाली गेली होती. नुकसानीत सभासदाचाही वाटा असतो, हेच या पद्धतीचे मूळ असल्याने, भाजी न आल्यास तो आठवडा बुडणार की पुढे भरून मिळणार, ते लिहून घ्यावे. पहिल्यांदा हिवाळी हंगामच घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र टोपलीत मेथीच्या चार पेंढ्या एकदम आल्या, तर त्या त्याच संध्याकाळी निवडायला घरात कोणी आहे का, हेही पाहावे.