डाएट राहू दे, आधी वाण्याची यादी काढा

मागच्या वर्षी ऑफिसच्या चेकअपमध्ये माझं एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, ६.१ आलं. वय ४६, आईला बरीच वर्षं शुगर, म्हणजे आज ना उद्या येणार हे माहीतच होतं, पण ते साठीनंतर असं मी आपलं मनानेच ठरवून टाकलेलं. ५.७ च्या खाली असलं की नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस आणि ६.५ पासून पुढे डायबेटिस. म्हणजे मी ना धड फलाटावर ना धड गाडीत, दारात लटकलेली.

मग काय, सल्ले सुरू. कोणी मेथीचं पाणी, कोणी कारल्याचा रस, ऑफिसातली एक जण म्हणाली सोळा तास उपाशी राहा. मी पंधरा दिवस संध्याकाळी सूप पिऊन काढले आणि सोळाव्या दिवशी स्टेशनबाहेर दोन वडापाव उभ्याउभ्या खाल्ले, विषय संपला. तर ते सगळं सोडून जे खरंच जमलं ते सांगते, आणि ते जिमपासून नाही तर वाण्याच्या यादीपासून सुरू झालं.

आम्ही ठाण्यात राहतो, घरी माणसं चार. मी, नवरा, कॉलेजला जाणारा मुलगा आणि सासूबाई. वाणसामान महिन्याचं एकदम येतं, बिल फोनवर येतं, त्यामुळे तीन महिन्यांची बिलं काढून कागदावर मांडली. हे तुम्ही पण करा, अर्धा तास लागतो. शेजारी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेलं माणशी दिवसाचं ताट लिहायचं, २००० कॅलरीचं. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ (अंडी, मासे, चिकन त्यातच), भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ-बदाम वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. धान्य-डाळी कच्च्या वजनाच्या, शिजवलेल्या नाही. आता याला घरातल्या माणसांनी आणि ३० ने गुणा. अंगमेहनत करणाऱ्याला जास्त लागेल, म्हाताऱ्या माणसाला कमी, पण अंदाज येतो.

आमचा अंदाज असा आला की मी कॅल्क्युलेटर परत उघडून बघितला. तेल-तूप बसायला हवं होतं सव्वातीन किलोच्या आसपास, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन, वर एक लिटरची पिशवी आणि अर्धा किलो तूप. गहू, तांदूळ, पोहे, रवा, साबुदाणा, मैदा मिळून ३० किलो पुरायला हवं तर आमचं ४२ किलो. आणि डाळी-कडधान्यं? हिशोबाने दहा किलो, आमची तूरडाळ अडीच किलो आणि मूग-मटकी एक किलो, त्यातली मटकी पण मिसळीसाठी! अंडी-चिकन धरलं तरी हे काही जुळत नव्हतं. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं "घरचं साधं जेवण" म्हणत जे जेवत होतो ते पोळी, भात आणि तेल होतं, बाजूला वाटीभर पातळ वरण. वडापावला उगाच शिव्या, तो आठवड्यातून एकदा, हे रोज दोन वेळा.

साखरेचं तर विचारूच नका. महिन्याला पाच किलो. मी दिवसाला चार चहा पिते, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे चाळीस एक ग्रॅम साखर नुसती चहातून, महिन्याला सव्वा किलो एकटीची. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा आणि २५ च्या आत असेल तर उत्तम, आणि यात बिस्किटं, श्रीखंड, सॉस, ऑफिसच्या मशीनचा चहा पण आला जो वाण्याच्या बिलात दिसतच नाही. मी एकदम बिनसाखरेचा केला नाही, ते जमत नाही, चिडचिड होते. दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. महिनाभराने अर्ध्या चमच्यावर आले आणि आता बाहेरचा चहा पाकासारखा लागतो. चार कपांचे दोन झाले ते वेगळंच. आता घरात साखर दोन किलो येते, सणाला अडीच. आणि हो, गूळ घातला की चालतं हे डोक्यातून काढा, रक्तात गेल्यावर गूळ पण साखरच.

मीठ हा नवऱ्याचा विषय, त्याचं बीपी १४०/९० च्या आसपास घुटमळत होतं. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. म्हणजे किलोची पिशवी पन्नास दिवस पुरली पाहिजे. पिशवीवर मार्करने उघडल्याची तारीख लिहा, बाकी काही करू नका, फक्त तारीख. आमची पंचवीस दिवसांत संपायची, आणि लोणचं, पापड, फरसाण, सुके बोंबील, इन्स्टंट नूडल्समधलं मीठ परत वेगळं. कणकेत मीठ घालणं बंद केलं, कोणाला कळलं पण नाही. ताकातलं अर्धं केलं, ते कळलं, मग जिरेपूड आणि कोथिंबीर जास्त घातली. सैंधवाने बीपी वाढत नाही म्हणतात ते खोटं, ते पण सोडियमच. कमी सोडियमवालं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

तेलासाठी एक युक्ती. रोज सकाळी कॅनमधून १०० मिलीच्या खुणेपर्यंत एका काचेच्या बाटलीत तेल काढायचं, चार माणसांचा दिवसाचा कोटा तेवढाच, तुपाला थोडी जागा राहते. संध्याकाळपर्यंत संपलं तर रात्री पिठलं जरा कोरडं. पहिला आठवडा माझी दुपारीच बाटली रिकामी, कारण फोडणीला मी पळीने ओतायचे, आता चमच्याने घालते. घडीच्या पोळीचे फुलके केले त्यावर घरात बंड झालं, शेवटी पोळीच ठेवली पण चारच्या तीन, आणि आतलं तेल निम्मं. तळण आठवड्यातून एकदा, आणि कढईतलं उरलेलं तेल परत परत तापवायचं नाही.

मग वाढवायचं काय, तर उसळी. रविवारी मूग, मटकी, चवळी भिजत घालायची, सोमवारपासून आलटून पालटून सकाळच्या डब्यात. वरण घट्ट करायचं, त्यात भात कमी लागतो. अंडी आमच्याकडे सासूबाई सोडून सगळ्यांना चालतात, एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रोटीन, त्यांना सकाळी दही आणि मुगाचं धिरडं. बांगडा स्वस्त आणि हृदयाला चांगला, फक्त तळायच्या ऐवजी तिकलं, म्हणजे तिखट दाट रस्सा करा. भाजी चौघांना रोज दीड किलोच्या वर लागते, हे ऐकून मुलगा हसला होता. जांभळी नाक्याला आठवड्याची एकदम घेतली तर परवडते, पालेभाजी मात्र जाता-येता गावदेवीला. काकडी, गाजर, टोमॅटोची कोशिंबीर ताटात आधी वाढायची आणि आधी संपवायची, मग उसळ-भाजी-पोळी, भात सगळ्यात शेवटी. नुसता क्रम बदलला तरी जेवणानंतरची शुगर कमी चढते, मला हे आधी थोतांड वाटलं होतं पण आईच्या ग्लुकोमीटरवर दोन दिवस करून बघितलं.

ज्वारीची भाकरी चांगलीच, पण एक भाकरी म्हणजे जवळपास दीड-दोन पोळ्यांचं पीठ असतं हे विसरून लोक तीन तीन खातात. उपासाचं तर काय बोलू, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर तूप. आषाढीला खा की, पण दर सोमवार-गुरुवार उपास करून वजन का उतरत नाही असं विचारणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणी आहेत. राजगिरा, दही, फळ, मूठभर शेंगदाणे हे पण उपासाचंच असतं. आणि फळ चावून खायचं, रस काढून नाही.

आता व्यायाम. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, हे जगभर सांगतात. मध्यम म्हणजे किती तर चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये. माझं ऑफिस ऐरोलीला. नौपाड्यातून स्टेशनपर्यंत चालत पंधरा मिनिटं, आणि मी शेअर रिक्षाच्या लायनीत दहा मिनिटं उभी राहायचे, हसायला येतं आता. मग चालायला लागले, सरकता जिना सोडून साध्या जिन्याने वर, पूल ओलांडून ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे ऐरोलीकडे जाणाऱ्या लोकलच्या फलाटावर. पण एक सांगते, सकाळी नऊच्या गर्दीत खांद्याला बॅग घेऊन जे चालतो ते व्यायामात पूर्ण धरू नका, मी अर्धंच धरते. आणि गाडीत उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे, ते फक्त दमणं.

खरा व्यायाम सकाळी साडेसहाला तलावपाळीला, आठवड्यातून चार दिवस अर्धा तास, पाचवा दिवस रविवारी उपवनला नवऱ्यासोबत. येऊरला चढ छान आहे पण तो नॅशनल पार्कचा भाग, बिबट्या असतो, अंधारात एकट्याने जाऊ नका आणि कानात इयरफोन तर नकोच. नवी मुंबईवाल्यांचं भाग्य मोठं, सागर विहार, नेरुळचं ज्वेल, खारघरचं सेंट्रल पार्क, जागाच जागा. पावसाळ्यात मात्र सगळ्यांचीच पंचाईत, तेव्हा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फेऱ्या नाहीतर जिना, लोक बघतात, बघू देत. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी जवळ ठेवा.

आणि जेवणानंतरची शतपावली. आपल्या म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलेलं हे काम खरंच करतं, चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, फक्त शंभर पावलांनी भागत नाही, दहा-पंधरा मिनिटं हवीत. रात्रीच्या जेवणानंतर सिरियल लावायच्या आधी. सासूबाई गॅलरी ते स्वयंपाकघर अशा घरातल्या घरात घालतात.

ताकदीचं म्हटलं की बायका डंबेल बघून घाबरतात. खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात टेकवून पुशअप दहा, टाचा उचलणं पंधरा, असे तीन राउंड, मंगळवार-शुक्रवार. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एक राउंड होतो. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साखर साठवायची मोठी जागा स्नायूच, त्यामुळे नुसतं चालून पुरत नाही. चालताना छातीत दुखलं किंवा धाप विचित्र लागली तर थांबा आणि सरळ डॉक्टर. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर खाणं-व्यायाम बदलायच्या आधी त्यांना सांगा, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

एवढ्याने होतं का, असं नवऱ्याने विचारलं होतं. अमेरिकेत प्रीडायबेटिसवाल्या तीन हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, २००२ मध्ये छापून आला. त्यांचं टार्गेट फक्त दोन, वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं. साधारण तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१. चेन्नईला आपल्या लोकांवर असाच अभ्यास झाला त्यात फायदा २८ टक्क्यांच्या आसपास दिसला, म्हणजे कमी पण खरा. माझ्या ७२ किलोचे ७ टक्के म्हणजे पाच किलो, वीस नाही!

वजनापेक्षा पोटाचा घेर बघा. शिंप्याची टेप घ्या, पँटचा नंबर धरू नका, तो खोटं बोलतो. आपल्याकडे बाईला ८० सेंटिमीटर आणि पुरुषाला ९० ची रेषा धरतात. मी ९१ होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, पोट आत न ओढता. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसा, अर्धा तास चहा नको, जिना चढून आल्या आल्या मोजून घाबरू नका. तिशी ओलांडली असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची तपासणी होते, पैशाचं कारण सांगायची गरज नाही. तंबाखू-मिश्री चालू असेल तर वरचं सगळं नंतर, आधी ती.

एचबीए१सी दर महिन्याला करून पैसे घालवू नका, तो साधारण मागच्या तीन महिन्यांचा हिशोब दाखवतो, त्यामुळे तीन महिन्यांनी. माझं पहिल्या खेपेला ६.१ चं ६.० झालं, मी वैतागले. सहा महिन्यांनी ५.८ आलं, घेर ८६, वजन चार किलो कमी. नवऱ्याची मिठाची पिशवी आता चाळीस दिवस जाते, पन्नास अजून नाही, कारण त्याचं लोणचं मी अजून बंद करू शकलेले नाही आणि त्याची बरणी सासूबाई स्वतःच्या कपाटात ठेवतात.